तापाचा रकाना: शिरूर-दौंडची दप्तरे, काचपट्टी आणि चाचणीला चकवणारा हिवताप

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शिरूर किंवा भीमथडी तालुक्यातील खेड्यात कोणी मरण पावले, की त्याची नोंद गावकामगारांच्या दप्तरात होत असे. (आजचा दौंड तालुका म्हणजे जुन्या भीमथडीचाच भाग.) मृत्यूचे कारण लिहिण्यासाठी रकाने मोजके होते: पटकी, देवी, ताप, हगवण, अपघात आणि इतर. नोंद करणारा माणूस वैद्य नव्हता, डॉक्टर तर नव्हताच. पटकी आणि देवी ओळखायला वैद्य लागतही नसे. अंगावरच्या खुणा आणि मरणाचा वेग पुरेसा बोलका असे. उरलेल्यांपैकी ज्याचे अंग मरताना तापलेले होते, तो ‘ताप’ या रकान्यात जाई. मुंबई इलाख्याचे वार्षिक आरोग्य अहवाल चाळले तर वर्षानुवर्षे हाच रकाना सर्वांत फुगलेला दिसतो.

त्या एका शब्दाच्या पोटात किती रोग दडले होते, याची कल्पना केलेली बरी. हिवताप, आंत्रज्वर, उलट खाणारा दुष्काळी ताप, न्यूमोनिया, बाळंतिणीचा ताप, क्षयाची अखेरची अवस्था हे सगळे एकाच ओळीत बसत. म्हणून ‘१८८० साली या तालुक्यात हिवतापाने किती माणसे गेली?’ या प्रश्नाला दप्तर थेट उत्तर देत नाही. दप्तर खोटे बोलत नाही. ज्याला जे दिसत होते, तेवढेच ते सांगते.

आज त्याच तालुक्यांत आशा स्वयंसेविकेच्या पिशवीत प्लास्टिकची एक छोटी पट्टी असते. बोटाला टोचून रक्ताचा थेंब घ्यायचा, त्यावर द्रावणाचे थेंब टाकायचे आणि पंधरा-वीस मिनिटे थांबायचे. एकच रेघ उमटली तर हिवताप नाही. तिच्यासोबत आणखी एखादी रेघ उमटली तर आहे. ‘ताप’ या एका रकान्यापासून या रेघेपर्यंतचा प्रवास हा वैद्यकाच्या इतिहासातील मोठा विजय आहे. मात्र गेल्या पंधरा-वीस वर्षांत एक विचित्र गोष्ट उघड झाली. जगाच्या काही भागांत हिवतापाच्या सर्वांत घातक जंतूने ही रेघ उमटूच नये, अशी स्वतःची रचना बदलली आहे. ती कशी बदलली हे समजण्यासाठी माणसाने हा ताप ‘पाहायला’ कसे शिकले, तिथून सुरुवात करावी लागते.

*

शिरूर-दौंडचा पट्टा पर्जन्यछायेतला. सह्याद्रीवर कोसळणारा पाऊस इथे पोहोचेपर्यंत विरळ होतो. हिवताप म्हणजे दाट जंगल, दलदल, तराई असे चित्र मनात असेल, तर हा मुलूख त्यात बसत नाही. पण हिवतापाला पावसापेक्षा साचलेले पाणी हवे असते. ग्रामीण दख्खनमध्ये हा रोग मुख्यतः ॲनॉफिलीस क्युलिसिफेसीस या डासामार्फत पसरतो आणि या डासाला नदीच्या पात्रातली डबकी, कालव्याच्या कडेचा पाझर, शेताच्या चाऱ्या अशा जागा मानवतात. भीमा, घोड आणि मुळा-मुठा या नद्या उन्हाळ्यात आटतात, पण आटताना पात्रभर डबकी सोडून जातात. पुढे खडकवासल्याच्या धरणातून निघालेला मुठा उजवा कालवा पाटस परिसरापर्यंत आला. माटोबाचा तलाव दुष्काळी कामातून उभा राहिला. कोरड्या मुलखाला पाणी मिळाले, आणि डासालाही.

१८७६-७८चा दुष्काळ या भागासाठी मैलाचा दगड आहे. त्याच्या वर्षभर आधी, मे १८७५ मध्ये, भीमथडीतल्याच सुपे येथे सावकारांच्या वह्या जाळल्या गेल्या होत्या. शाळेच्या पुस्तकातला ‘दख्खनचा उठाव’ सर्वांना आठवतो. त्यानंतर लगेच आलेली उपासमार मात्र फारशी आठवत नाही. दौंड ते मनमाड हा लोहमार्ग त्याच काळात झाला आणि १८७८ मध्ये सुरू झाला. खडी फोडायला आलेल्या हातांना रोजचे दाणे मिळत. जे या कामांवर टिकले नाहीत, ते मुंबईच्या वाटेला लागले. अशा स्थलांतरितांबरोबर ताप प्रवास करतो, आणि दुष्काळानंतर पाऊस परतला की खंगलेल्या शरीरांवर तापाची लाट येते. हिंदुस्थानातल्या अनेक दुष्काळांच्या नोंदींत हा क्रम पुन्हा पुन्हा भेटतो.

मुंबईत त्या तापाकडे एक माणूस सूक्ष्मदर्शकातून पाहत होता. हेन्री व्हॅनडाइक कार्टर हे नाव वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना वेगळ्या कारणाने माहीत असावे (असायला हवे, निदान). १८५८च्या ‘ग्रेज ॲनाटॉमी’ या ग्रंथातील आकृत्या त्याने काढल्या. ग्रंथावर नाव मात्र ग्रेचे राहिले. त्याच वर्षी तो मुंबईत आला, ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवू लागला, मधली काही वर्षे साताऱ्याला सिव्हिल सर्जन होता. दुष्काळाच्या काळात मुंबईच्या रुग्णालयांत येणाऱ्या उपाशी लोकांच्या रक्तात त्याला मळसूत्रासारखे वळवळणारे जंतू दिसले. हा हिवताप नव्हता. काही दिवस चढून उतरणारा आणि आठवड्याभराने परतणारा तो वेगळाच ताप होता. १८८२ मध्ये त्याने त्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. ‘ताप’ या रकान्यातून एक रोग पुराव्यानिशी बाहेर काढला गेला.

दुसरा रोग बाहेर यायला थोडाच काळ लागला. १८८० मध्ये अल्जीरियातील कॉन्स्टंटाइन येथे फ्रेंच लष्करी डॉक्टर लाव्हेराँ याला हिवतापाच्या रुग्णाच्या रक्तात काळसर रंगद्रव्याचे कण बाळगणारे सजीव दिसले. युरोपातल्या अनेक नामवंतांनी ते मानले नाही. हिंदुस्थानात हे जंतू स्वतःच्या डोळ्यांनी पाहून लाव्हेराँच्या बाजूने सुरुवातीलाच उभे राहिलेल्यांत कार्टर होता. १८८७ मध्ये मुंबईत त्याने ही निरीक्षणे केली. डासाच्या पोटात हाच जंतू रोनाल्ड रॉसला सिकंदराबादेत सापडला तो २० ऑगस्ट १८९७ रोजी, म्हणजे आणखी दहा वर्षांनी. रॉसचे नाव प्रत्येक प्रश्नमंजूषेत असते. कार्टरचे नसते.

इथे एका शब्दाची गंमत सांगण्याजोगी आहे. आयुर्वेदात ठरावीक अंतराने येणाऱ्या तापाला ‘विषमज्वर’ म्हणत. एक दिवसाआड येणारा तृतीयक, दोन दिवसांआड येणारा चतुर्थक. आजचा वाचक त्यात सहज हिवताप ओळखेल. पण आधुनिक मराठी पाठ्यपुस्तकांत ‘विषमज्वर’ हा शब्द टायफॉइडला जाऊन चिकटला. ज्या शब्दात नियमित अंतराचे निरीक्षण गोठलेले होते, तो शब्द अशा रोगाला मिळाला ज्यात ताप चढतच राहतो. जुन्या मराठी कागदांत हा शब्द दिसला, तर आधी कागदाचे साल पाहावे.

*

रक्ताचा थेंब काचेवर पसरायचा, वाळवायचा, रंगवायचा आणि भिंगाखाली पाहायचा. विसाव्या शतकातील हिवतापाचे सारे निदान या कृतीवर उभे राहिले. परदेशी रंगद्रव्ये महाग होती आणि युद्धकाळात दुर्मिळही झाली. १९४४ मध्ये मलेरिया इन्स्टिट्यूट ऑफ इंडियातील जसवंत सिंग आणि भट्टाचारजी यांनी झटपट रंगवणारे, स्वस्त रंगद्रव्य तयार केले. त्यांच्या नावांवरून ते ‘जेएसबी’ म्हणून ओळखले जाते आणि देशभरातील प्रयोगशाळांतून आजही वापरले जाते. पाश्चात्त्य ग्रंथांत त्याला तळटीपेइतकी जागा मिळते. पण भारतात कोट्यवधी काचपट्ट्या याच रंगात बुडाल्या आहेत.

स्वातंत्र्याच्या वेळी देशात दरवर्षी साडेसात कोटी लोकांना हिवताप होतो आणि आठ लाख मरतात, असा अंदाज होता. त्याआधीच, १९४६ पासून, मुंबई प्रांतातील कानडा आणि धारवाड जिल्ह्यांत डॉ. डी. के. विश्वनाथन यांनी घराघरांत डीडीटी फवारून मोठा प्रयोग यशस्वी केला होता. १९५३ मध्ये राष्ट्रीय नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि १९५८ मध्ये ‘नियंत्रण’ जाऊन ‘निर्मूलन’ हा शब्द आला. फवारणीची तारीख घराच्या भिंतीवर गेरूने लिहिलेली असे. दारोदार फिरणारा आरोग्य कर्मचारी ताप असलेल्याच्या बोटाला टोचून काचपट्टी घेई. १९६१ मध्ये देशात जेमतेम पन्नास हजार रुग्ण नोंदले गेले. साडेसात कोटींवरून पन्नास हजार! रोग संपला, असे मानायला कोणाचीही हरकत नव्हती.

आणि मग तो परतला. १९७६ मध्ये रुग्णसंख्या ६४ लाखांवर गेली. कारणे अनेक होती: निधी आटला, फवारणी ढिली झाली, काचपट्ट्यांचे ढीग प्रयोगशाळांत पडून राहिले. पण दोन कारणे जीवशास्त्राची होती. ज्या डासांना डीडीटी मारू शकत नव्हते तेच उरले आणि वाढले. तसेच ज्या जंतूंना क्लोरोक्विन मारू शकत नव्हते ते उरले आणि वाढले; आसामच्या कार्बी आंगलाँग भागात १९७३ मध्ये हे प्रथम नोंदले गेले. औषधाने जंतूला प्रतिकार ‘शिकवला’ असे आपण सैलपणे म्हणतो. प्रत्यक्षात कोणी काही शिकत नाही. अब्जावधी जंतूंत एखादा अपघाताने वेगळा निपजतो. औषध बाकीच्यांना काढून टाकते आणि त्या एकासाठी मैदान मोकळे करते.

निदानाच्या चाचणीबाबत असे काही घडू शकेल, याचा विचार मात्र फारसा झाला नव्हता. चाचणी मारत नाही. ती फक्त पाहते. निव्वळ पाहण्याने कोणाची निवड कशी होणार?

*

काचपट्टीची अडचण रंगाची किंवा भिंगाची नव्हती, अंतराची होती. गावात घेतलेला नमुना तालुक्याच्या प्रयोगशाळेत जाणार, तिथे तंत्रज्ञ तो वाचणार, निकाल परत गावात येणार. तोपर्यंत आठवडाही उलटे. पाळीचा साधा हिवताप, म्हणजे व्हायव्हॅक्स, एवढा काळ थांबतो. फाल्सिपेरम थांबत नाही. उपचार न मिळालेला फाल्सिपेरमचा रुग्ण एका दिवसात गंभीर होऊ शकतो. जंतूंनी भरलेल्या रक्तपेशी मेंदूच्या बारीक वाहिन्यांत अडकतात. गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात, जिथे राज्यातील फाल्सिपेरमचा मोठा भार आहे आणि पावसाळ्यात रस्ते तुटतात, तिथे आठवड्याने आलेल्या निकालाला अर्थ नसतो.

त्यामुळे खेड्यातच वाचता येईल अशी चाचणी हवी होती. तिचा पाया १९८०च्या दशकात रचला गेला. फाल्सिपेरम जंतू लाल रक्तपेशीत असताना एक विशिष्ट प्रथिन मोठ्या प्रमाणात तयार करतो आणि ते रक्तात सोडतो. हिस्टिडीन या अमिनो आम्लाने ते ओतप्रोत भरलेले असल्याने त्याचे नाव हिस्टिडीन-समृद्ध प्रथिन-दोन, संक्षेपाने एचआरपी-दोन. १९८६ मध्ये त्याचे जनुक वेगळे करून वाचले गेले. चाचणीसाठी हे प्रथिन आदर्श होते. ते भरपूर असते, ते फक्त फाल्सिपेरममध्ये असते, ते उष्णतेत टिकते आणि त्यात एकाच नमुन्याचे तुकडे पुन्हा पुन्हा येत असल्याने प्रतिपिंडाला ते अनेक जागी पकडता येते. १९९०च्या दशकाच्या आरंभी ‘पॅरासाइट-एफ’ ही पहिली पट्टी बाजारात आली. त्यानंतर डझनावारी कंपन्यांनी याच प्रथिनावर आधारलेल्या चाचण्या काढल्या आणि त्या जगभर गेल्या. २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने संशयित रुग्णाला आधी तपासा, मगच औषध द्या, असे धोरण घेतले. भारतात ही पट्टी आशा स्वयंसेविकेच्या हाती आली. २०१३ पासून फाल्सिपेरम आणि व्हायव्हॅक्स दोन्ही दाखवणारी जोड-चाचणी कार्यक्रमात आली. तिच्यातली फाल्सिपेरमची रेघ एचआरपी-दोनचीच होती.

या यशात एक गोष्ट प्रयोगशाळेत माहीत असूनही बाजूला राहिली. जगभरचे संशोधक वर्षानुवर्षे वाढवत असलेल्या फाल्सिपेरमच्या एका वाणात एचआरपी-दोनचे जनुकच नव्हते. तो वाण त्याशिवाय सुखाने वाढत होता. ज्या प्रथिनावर साऱ्या जगाचे निदान उभे राहत होते, त्याच्याशिवाय जंतूचे फारसे अडत नाही, हे त्या वाणावरून स्पष्ट होते. पण ही प्रयोगशाळेतली विक्षिप्तता समजली गेली. काचेच्या बाटलीत पिढ्यान्‌पिढ्या वाढलेला जंतू काय काय गमावत नाही!

जनुक जिथे बसले आहे ती जागाही नाजूक आहे. एचआरपी-दोनचे जनुक आठव्या गुणसूत्राच्या टोकाजवळ आहे. त्याचे भावंड, एचआरपी-तीन, तेराव्याच्या टोकाजवळ. गुणसूत्रांची टोके तुटतात, पुन्हा जुळतात, आणि जुळताना कधी एक तुकडा गळून पडतो. दोरीच्या टोकाचे सूत उसवावे तसे. तुकड्यात जगण्यासाठी अपरिहार्य काही नसेल तर जंतू तसाच पुढे चालतो. भावंड-प्रथिन शिल्लक असेल आणि रक्तात जंतू खूप असतील, तर चाचणीवर फिकट रेघ येऊही शकते, कारण प्रतिपिंड दोघांमध्ये फारसा फरक करत नाही. दोन्ही गेली, की पट्टी कोरी.

२०१० मध्ये पेरूहून बातमी आली. ॲमेझॉनच्या खोऱ्यातून साठवून ठेवलेले १४८ नमुने तपासले, तेव्हा ६१ नमुन्यांत, म्हणजे शंभरात एक्केचाळीसांत, एचआरपी-दोनचे जनुक नव्हते. काही नमुने तर १९९८ पासूनचे होते. कार्यकारणाची घाई करणाऱ्यांनी इथे थांबावे. त्या काळी त्या भागात अशा चाचण्या सर्रास वापरल्या जात नव्हत्या. म्हणजे तिथले जनुक चाचणीमुळे गेलेले नाही. थोड्या जंतूंपासून वाढलेल्या, एकाकी पडलेल्या वंशात योगायोगाने गळालेला तुकडा पसरला असावा. चाचणीने दोष निर्माण केला नाही. चाचणी आली तेव्हा तो दोष आधीच तयार होता.

एरिट्रियाची गोष्ट वेगळी. लाल समुद्राकाठच्या या छोट्या देशातील डॉक्टरांच्या लक्षात आले की काचपट्टीवर फाल्सिपेरम स्पष्ट दिसतो आहे, रुग्ण तापाने फणफणला आहे आणि पट्टी मात्र नकार देते आहे. २०१६ मध्ये घिंडे येथील रुग्णालयातील २६ रुग्णांपैकी २१ जणांच्या आणि मसावा येथील २४ पैकी १० जणांच्या जंतूंत एचआरपी-दोन नव्हते. देशाने त्याच वर्षी ती चाचणी बदलली. शेजारच्या इथिओपियात मग साडेबारा हजारांहून अधिक लोकांची पाहणी झाली आणि २०२१ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले: फाल्सिपेरमच्या सुमारे दहा टक्के रुग्णांना या चाचणीने ‘हिवताप नाही’ असे चुकीचे सांगितले असते. जनुकाच्या आजूबाजूचा मजकूर वाचून संशोधकांनी त्याचे वयही ताडून पाहिले. एचआरपी-तीन गळाले ते फार पूर्वी. एचआरपी-दोन गळालेले जंतू अलीकडे आणि वेगाने पसरले होते. एखादा वंश अचानक फोफावल्याची ती खूण होती.

पाहणे हीच निवड कशी ठरते, याचे उत्तर इथे आहे. तपासा, मग औषध द्या, या धोरणात रेघ उमटली तर औषध मिळते आणि त्या शरीरातले जंतू मरतात. रेघ नाही उमटली तर औषध नाही. रुग्ण तापासह घरी जातो, आणि संध्याकाळी त्याला चावलेला डास तो जंतू पुढे नेतो. दोन जंतूंत एकच फरक आहे. एकाची रक्तात खूण राहते, दुसऱ्याची राहत नाही. हजारो गावांत, वर्षानुवर्षे, प्रत्येक तापाच्या वेळी हा फरक मोजला जातो. जंतूच्या दृष्टीने चाचणी आणि औषध ही दोन वेगळी साधने नाहीतच. तो एकाच सापळ्याचा झाप आणि खटका आहे.

*

भारतात २०१३च्या सुमारास छत्तीसगडमधील नमुन्यांत हे जनुक नसलेले जंतू आढळले. त्यानंतर महाराष्ट्रासह आठ राज्यांत मोठी पाहणी झाली; बाकीची राज्ये ओडिशा, छत्तीसगड, झारखंड, मध्य प्रदेश, राजस्थान, गुजरात आणि त्रिपुरा. सूक्ष्मदर्शकाखाली फाल्सिपेरम निश्चित झालेले १,५२१ नमुने घेतले गेले. त्यांतील ३६ नमुन्यांत, म्हणजे २.४ टक्क्यांत, एचआरपी-दोनचे जनुक नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेची रेषा पाच टक्क्यांची आहे. फाल्सिपेरमच्या शंभर रुग्णांत पाचांहून अधिक जण या कारणाने हुकत असतील, तर देशाने चाचणी बदलावी. २.४ हा आकडा त्या रेषेच्या आत आहे. पण आठ राज्यांची सरासरी ही इलाख्याच्या वार्षिक अहवालासारखी असते; तिच्या आत कुठे शून्य दडते, कुठे बरेच काही.

या सर्व पाहणीत एक कोडे आहे आणि ते नीट समजून घेण्यासारखे आहे. जिथे हिवताप फार असतो, तिथे एका माणसाच्या रक्तात अनेक वाणांचे जंतू एकाच वेळी नांदतात. त्यांतल्या एकाचे जनुक गेले तरी बाकीचे खूण सोडतात, रेघ उमटते, सगळ्यांवरच औषध पडते. खूण नसलेल्याला काही फायदा होत नाही. हिवताप कमी झाला की चित्र पालटते. आता एका माणसात बहुधा एकच वाण असतो. अंगात जुनी प्रतिकारशक्ती उरलेली नसल्याने ताप जोरात येतो, माणूस तपासणीला जातो, आणि तो एकमेव वाण जर बिनखुणेचा असेल तर तो सहीसलामत सुटतो. म्हणजे रोग जितका मागे हटतो, तितके हे जंतू पुढे सरकण्याची शक्यता वाढते. १९६१च्या पन्नास हजारांनंतर जे घडले, ते माहीत असलेल्याला याचे फार आश्चर्य वाटू नये.

शिरूर आणि दौंड हे आज हिवतापाच्या दृष्टीने बातमीत येणारे तालुके नाहीत. म्हणूनच ते इथे विचारात घ्यावेत. रांजणगाव आणि कुरकुंभ येथील औद्योगिक वसाहती, उसाचे फड, गुऱ्हाळे, बांधकामे यांवर देशाच्या पूर्व भागातून आलेले हजारो हात काम करतात. दौंड जंक्शनवर उत्तरेकडच्या आणि दक्षिणेकडच्या गाड्या थांबतात. कामगार गावी जातो, पावसाळ्यात परततो, आठ-दहा दिवसांनी तापाने पडतो. त्याच्याबरोबर रोग ‘आला’ असे म्हणणे सोपे आहे आणि १८७७ मध्ये मुंबईकरांनी दुष्काळग्रस्तांबद्दल तसे म्हटलेही. पण आजारी तो आहे. ज्या खोलीत सहा-सात जण झोपतात तिथे मच्छरदाणी नाही, सुट्टी घेतली तर रोजंदारी बुडते, आणि कोऱ्या पट्टीमुळे त्याला ‘व्हायरल आहे, दोन दिवसांत उतरेल’ असे सांगितले गेले, तर त्या दोन दिवसांची किंमत त्यालाच मोजावी लागेल. हिवताप कमी असलेल्या भागात डॉक्टरच्या मनातही हा रोग सहसा पहिला येत नाही. पट्टीने नाही म्हटले की प्रश्न तिथेच मिटतो.

पर्याय आहेत, पण त्यांत काहीतरी सोडावे लागते. लॅक्टेट डिहायड्रोजनेज हे जंतूचे एक विकर आहे. साखर जाळून ऊर्जा मिळवण्यासाठी त्याला ते लागतेच. ते गमावून तो जगू शकत नाही. व्हायव्हॅक्सची रेघ आजही याच विकरावर उमटते. फाल्सिपेरमसाठीही त्यावर आधारलेल्या चाचण्या आहेत आणि एरिट्रियासारख्या देशांनी त्यांचाच आधार घेतला. परंतु हे विकर एचआरपी-दोनइतके मुबलक नसते आणि उष्णतेत तितके टिकत नाही. थोडे जंतू असतील तर रेघ फिकट येते. एचआरपी-दोनचा एक दुर्गुण त्यात नाही, हेही खरे. ते प्रथिन रुग्ण बरा झाल्यावरही काही आठवडे रक्तात रेंगाळते आणि गेलेला रोग असल्याचे सांगत राहते. एकच पट्टी, एकाला नसलेला रोग दाखवते आणि दुसऱ्याचा असलेला लपवते.

उरते काचपट्टी. पट्टीने नकार दिला तरी ताप हिवतापासारखा वाटत असेल, तर रक्ताचा नमुना काचेवर घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्राच्या प्रयोगशाळेत पाठवावा लागतो. तिथे तंत्रज्ञ जाड थेंब जेएसबीच्या रंगात बुडवतो, धुतो, वाळवतो आणि तेल लावून भिंगाखाली धरतो. जनुक गमावलेला फाल्सिपेरम आणि जनुक असलेला फाल्सिपेरम यांत तिथे काहीही फरक दिसत नाही. दोन्ही सारखेच अंगठीसारखे निळसर दिसतात, दोघांच्याही पोटात केंद्रकाचा लाल ठिपका असतो, आणि दोघेही १८८७ मध्ये कार्टरला मुंबईत जसे सापडले असते तसेच सापडतात, फक्त कोणीतरी काच उचलून बघायला हवी.